पासंगाचा हिशेब

९१० आणि ६९६. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते या दोन आकड्यांमुळे.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डजवळच्या स्लॅक या त्वरक केंद्रात ‘बाबार’ नावाचं अवाढव्य उपकरण १९९९पासून बी-मेसॉन या अल्पायुषी कणांचे क्षय टिपत होतं. २००४ साली तिथल्या गटाने एक मोजणी जाहीर केली. बी-मेसॉनांच्या सुमारे २२ कोटी ७० लाख जोड्या तयार झाल्या होत्या आणि त्यांतून एकाच घाटाचे क्षय वेचून काढले होते. उदासीन बी-मेसॉन मोडतो आणि त्यातून एक धनभारित केऑन व एक ऋणभारित पायॉन हे त्याहून हलके कण निघतात. असे क्षय भरले ९१०. त्याच बी-मेसॉनचा प्रतिकण मोडतो आणि बरोबर उलट्या भारांची जोडी निघते. असे भरले ६९६. कणाला आणि प्रतिकणाला निसर्गाचे नियम अगदी सारखे लागू असते, तर हे दोन आकडे आसपास यायला हवे होते. नाणं १,६०६ वेळा उडवलं तर छापा-काट्यात चाळीस-पन्नासांचा फरक सहज पडतो. इथे तो २१४ आहे. वेचलेल्या घटनांत मिसळलेली भेसळ हिशेबात धरली की खात्री थोडी उतरते, पण योगायोग म्हणून सोडून द्यावं इतकी उतरत नाही.

तोवर भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली होती. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्यातल्या असमानतेबद्दल मी वर्गात बोलत असे, पण ते फळ्यावरच्या समीकरणांतून. कुणीतरी एकेक क्षय वेचून, दोन ढीग करून, ते मोजले आहेत ही गोष्ट मी मनावर घेतली नव्हती. मी हे आकडे वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “पण सर, ते मशीनच एका बाजूला झुकलेलं नसेल कशावरून?” त्या तासाला मला तिला धड उत्तर देता आलं नाही. पुढची काही वर्षं मी त्या उत्तराच्या शोधात वाचत राहिलो. हे पुस्तक म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे.

उत्तराची दिशा मात्र मला माझ्या आजीने फार पूर्वी दाखवली होती. आमच्या गावच्या आठवडी बाजारात ती शेंगा घ्यायला जाई तेव्हा विक्रेत्याने तागडी उचलली की एकदा मापून झाल्यावर म्हणे, “पारडी बदलून जोख रे बाबा.” म्हणजे वजनं होती त्या पारड्यात शेंगा घाल आणि शेंगा होत्या तिथे वजनं ठेव. तागडी खरी असेल तर काटा तसाच मध्यावर राहील. खोटी असेल, तर पहिल्यांदा जेवढी एका बाजूला फसवत होती तेवढीच आता दुसऱ्या बाजूला फसवेल आणि उघडी पडेल. तागडीची मुळातली खोड झाकण्यासाठी हलक्या पारड्याला जो खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात तो पासंग. आपण ‘पासंगालाही पुरणार नाही’ असं म्हणतो तेव्हा याच तुकड्याची आठवण काढत असतो.

या विषयात दोन पासंग आहेत. एक विश्वाचा. सुरुवातीच्या विश्वात द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांची पारडी जवळजवळ तंतोतंत भरलेली होती. कण आणि प्रतिकण भेटले की दोघंही नाहीसे होतात आणि प्रकाश उरतो. तसं झालं, आणि आज विश्वात दर १६० कोटी प्रकाशकणांमागे साधारण एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन शिल्लक दिसतो. सगळे तारे, सगळ्या नद्या आणि आपण स्वतः या शिलकीत आलो. म्हणजे एका पारड्यात शंभर कोटींमागे एखादा कण जास्त होता, एवढाच हा पासंग. दुसरा पासंग मोजणाऱ्याच्या तागडीचा. आपली सगळी उपकरणं द्रव्याचीच बनलेली आहेत, आणि द्रव्याशी कण आणि प्रतिकण सारखे वागत नाहीत. ऋणभारित केऑन अणुकेंद्रात धनभारित केऑनपेक्षा जास्त सहज अडकतो. त्यामुळे उपकरणातून जाताना तो जास्त वेळा हरवतो आणि मोजणीत कमी भरतो. अशा तागडीवर पहिला पासंग जोखायचा तर आधी दुसरा ओळखून बाजूला काढावा लागतो. मराठीत या विषयावर जे थोडंफार लिहिलं गेलं ते पहिल्याबद्दल आहे. विश्व का उरलं हा प्रश्न मोठा आणि मोहात पाडणारा आहे, हे मी नाकारत नाही. पण या विषयाचा कस दुसऱ्या पासंगात आहे असं माझं ठाम मत आहे, आणि पुस्तकाची मांडणी मी त्या मतावर केली आहे.

प्रतिद्रव्याबद्दल एक गैरसमज आधीच दूर करतो. ते कल्पनेतलं नाही आणि कृष्णद्रव्याशी त्याचा संबंध नाही. १९२८ साली पॉल डिरॅकने इलेक्ट्रॉनचं समीकरण मांडलं, त्यातून इलेक्ट्रॉनचा उलट्या भाराचा जुळा असायला हवा हे पुढे आलं, आणि १९३२ साली कार्ल अँडरसनला विश्वकिरणांत तो सापडला. हा पॉझिट्रॉन. आज मोठ्या रुग्णालयांत पेट स्कॅन होतो, त्यातल्या ‘पे’मध्ये हाच पॉझिट्रॉन आहे. रुग्णाच्या शरीरात तो इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघंही संपतात आणि त्यातून निघालेल्या गॅमा किरणांवरून गाठीची जागा कळते. प्रतिप्रोटॉन १९५५ साली बर्कलीला सापडला.

सममिती म्हणजे काय, हे सांगायला आरशाइतकी सोपी वस्तू नाही. एखाद्या प्रयोगाचं आरशातलं प्रतिबिंब हाही निसर्गात घडू शकणारा प्रयोग असतो, असं १९५६पर्यंत सगळे धरून चालले होते. ली आणि यांग या सिद्धांतकारांनी विचारलं की क्षीण अन्योन्यक्रियेत, म्हणजे अनेक कणांचे क्षय घडवणाऱ्या बलाच्या बाबतीत, हे कुणी तपासलं आहे का. कुणीच तपासलं नव्हतं. च्यन-श्युंग वू यांनी वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय मानक संस्थेतल्या सहकाऱ्यांबरोबर कोबाल्ट-६० निरपेक्ष शून्याच्या जेमतेम एक शतांश अंश वर नेऊन ठेवला, त्याची अणुकेंद्रं चुंबकाने एका दिशेला वळवली आणि पाहिलं. इलेक्ट्रॉन केंद्राच्या फिरकीच्या उलट दिशेला जास्त बाहेर पडत होते. आरसा फुटला होता, आणि थोडाथोडका नाही, पुरता फुटला होता.

यावर लेव लँडाऊ यांनी तोडगा सुचवला. साधा आरसा सोडून द्या आणि असा आरसा घ्या की जो डावं-उजवं बदलताना कणाचा प्रतिकणही करतो. या दुहेरी अदलाबदलीला शास्त्रज्ञ सीपी म्हणतात, आणि मीही पुस्तकभर तोच शब्द ठेवला आहे. या आरशात निसर्ग पुन्हा नीटनेटका दिसू लागला. त्याच सुमारास क्षीण अन्योन्यक्रियेचं नेमकं रूप रॉबर्ट मार्शाक आणि जॉर्ज सुदर्शन यांनी ओळखलं. सुदर्शन मूळचे केरळचे, पण रोचेस्टरला जाण्याआधीची त्यांची उमेदीची वर्षं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेली. त्या संस्थेत बर्नार्ड पीटर्स यांचा गट बलूनमधून उंच धाडलेल्या, छायाचित्रणाच्या रसायनाच्या जाड थरांत विश्वकिरणांनी उमटवलेल्या रेषा सूक्ष्मदर्शकाखाली वाचत असे. त्या रेषांत केऑनही होते. पुढे ज्या कणाने सीपीचा आरसा फोडला, तो १९५०च्या दशकात कुलाब्याच्या परिसरातही रेघारेघांनी वाचला जात होता, हे मुंबईत वाढलेल्या वाचकाला ठाऊक असावं म्हणून मुद्दाम लिहितो.

आता तो केऑन. उदासीन केऑनची गंमत अशी की तो आणि त्याचा प्रतिकण एकमेकांत रूपांतरित होत राहतात. मरे गेल-मान आणि अब्राहम पाइस यांनी १९५५ साली दाखवलं की आपल्याला प्रत्यक्षात दिसतील ती या दोघांची दोन मिश्रणं, आणि त्यांची आयुष्यं फार वेगळी असतील. तसंच निघालं. एका सेकंदाचे हजार कोटी भाग केले तर त्यातला एकही पुरता जगत नाही असा अल्पजीवी केऑन, आणि त्याच्या सुमारे ५७० पट जगणारा दीर्घजीवी. अल्पजीवी दोन पायॉनांत मोडतो. दीर्घजीवीला, सीपी पाळली जात असेल, तर दोन पायॉनांत मोडण्याची मुभाच नाही. त्याने तीन पायॉनांचा किंवा इतर कुठला तरी रस्ता धरायचा. म्हणजे चाचणी किती सरळ झाली पाहा: अल्पजीवी सगळे संपून जातील इतकं लांब जाऊन उभं राहायचं आणि दोन पायॉन येतात का ते बघायचं. एकही यायला नको.

१९६३च्या एप्रिलमध्ये प्रिन्स्टनच्या जेम्स क्रोनिन, व्हॅल फिच आणि रेने तुर्ले यांनी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेला जेमतेम दोन पानांचा प्रस्ताव दिला. सीपी मोडायचा त्यांचा मुळीच बेत नव्हता. दुसऱ्या एका गटाला केऑनांच्या वागण्यात काही विचित्र दिसलं होतं, ते खरं आहे का ते त्यांना पाहायचं होतं. दोन पायॉनांची मर्यादा आणखी खाली ढकलणं हे सोबतचं काम होतं. जेम्स क्रिस्टेनसन हा विद्यार्थी चौथा. उन्हाळ्यात प्रयोग लागला. ३० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे प्रोटॉन बेरिलियमवर आदळत, निघणाऱ्या झोतातून चुंबकाने भारित कण झाडून टाकले जात, आणि १७ मीटरवर एक भलीमोठी हीलियमची पिशवी केऑनांची वाट बघत असे. अल्पजीवी केऑन त्या वेगाने सरासरी काही सेंटिमीटर जातो. १७ मीटरवर त्यांच्यातला एकही उरणं शक्य नव्हतं.

हवेऐवजी हीलियम का, या प्रश्नाला मी पुस्तकात एक अख्खं प्रकरण दिलं आहे, कारण आजीची तागडी इथे पहिल्यांदा दिसते. दीर्घजीवी केऑन द्रव्यातून गेला की त्यातला केऑनचा आणि प्रतिकेऑनचा भाग सारखा शोषला जात नाही. मिश्रणाचं प्रमाण बिघडतं आणि अल्पजीवी केऑन नव्याने जन्माला येतो. तो मग हक्काने दोन पायॉनांत मोडतो. म्हणजे नियम अबाधित असूनही मोडल्यासारखा दिसेल. हीलियम विरळ, म्हणून हा धोका कमी. पण धोका कमी आहे असं म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी वाटेत टंगस्टनचा ठोकळा ठेवून मुद्दाम अल्पजीवी केऑन जन्माला घातले, खऱ्या दोन-पायॉन क्षयांचं चित्र आपल्या उपकरणात कसं उमटतं ते पाहिलं, आणि मग हीलियममधून आलेल्या घटना त्या चित्राशी ताडून पाहिल्या. ज्ञात वजन टाकून आधी तागडी पारखून घेतली. हीलियममुळे किती खोटे क्षय दिसावेत याचा हिशेबही केला. दिसत होत्या त्यांच्या मानाने ती संख्या अगदीच नगण्य होती.

मग मोजणी. दोन्ही पायॉनांचे संवेग जोडून वस्तुमान केऑनएवढं येतं का आणि त्यांची एकत्रित दिशा झोताच्या दिशेशी जुळते का, या दोन चाळण्यांतून गाळल्यावर ४५ घटना उरल्या, नऊची कमी-जास्त. एकूण केऑन क्षय सुमारे २२,७०० होते. पाचशेत एक! एकही यायला नको होती तिथे. निकाल जुलै १९६४मध्ये छापायला गेला. मधले कित्येक महिने त्या चौघांनी तो निकाल खोटा ठरवण्याच्या प्रयत्नात घालवले होते, आणि मला या सगळ्या इतिहासात तेच महिने सर्वांत मोलाचे वाटतात.

बाहेरच्या जगानेही तो सहजासहजी मान्य केला नाही. कुणी म्हणालं, आपल्या आकाशगंगेचंच द्रव्य केऑनवर काही अज्ञात बल लावत असेल. कुणी म्हणालं, दिसलेले दोन पायॉन नेहमीचे नसतील किंवा त्यांच्यासोबत आणखी एक हलका कण निसटून जात असेल. ही मतं हट्टाची नव्हती. आरसा वाचवायचा तर कुठे तरी जागा शोधायलाच हवी होती. १९६५ साली फिचच्याच गटाने दीर्घजीवीतून आलेले आणि ठोकळ्यातल्या अल्पजीवीतून आलेले दोन पायॉन एकमेकांत लाटांसारखे मिसळून दाखवले. ते मिसळले, म्हणजे ते तेच होते. पळवाट बंद झाली. क्रोनिन आणि फिच यांना नोबेल मिळालं ते १९८० साली.

१९६७ साली दिसलेला परिणाम मला व्यक्तिशः १९६४च्या निकालाहूनही जास्त हृदयाशी धरावासा वाटतो. दीर्घजीवी केऑन कधी पॉझिट्रॉन, ऋण पायॉन आणि न्यूट्रिनो देतो, तर कधी इलेक्ट्रॉन, धन पायॉन आणि प्रतिन्यूट्रिनो. हे दोन्ही रस्ते एकमेकांची प्रतिबिंबं. पण दर १०,००० क्षयांत पॉझिट्रॉनवाले सुमारे ५,०१७ येतात आणि इलेक्ट्रॉनवाले ४,९८३. याचा अर्थ असा, की दूरच्या कुठल्या ग्रहावरच्या शास्त्रज्ञाशी आपलं फक्त बोलणं होत असेल, वस्तूंची देवघेव होत नसेल, तरी त्याला ‘धनभार’ म्हणजे काय ते आपण सांगू शकतो: दीर्घजीवी केऑन ज्या भाराचा हलका कण किंचित जास्त वेळा देतो, तो भार. तोवर ‘धन’ आणि ‘ऋण’ ही आपण दिलेली नावं होती. या ३४ क्षयांच्या फरकाने त्या नावांना निसर्गात जागा मिळाली. त्याच १९६७ साली आंद्रेई साखारोव यांनी विश्वातल्या द्रव्याच्या शिलकीसाठी ज्या तीन अटी सांगितल्या, त्यांतली एक सीपीभंग ही होती.

सीपीभंग फक्त केऑन-प्रतिकेऑनच्या मिश्रणात आहे की प्रत्यक्ष क्षयातही आहे, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर मिळायला १९९९ उजाडलं. चार क्षय मोजायचे होते: दीर्घजीवी आणि अल्पजीवी, दोघांचे उदासीन पायॉनांत आणि भारित पायॉनांत. त्यांच्या गुणोत्तरांचं गुणोत्तर १ पासून साधारण एक टक्का ढळतं, बस. १९८८ साली जिनिव्हाच्या सर्नमधल्या गटाला ते ढळलेलं दिसलं, शिकागोजवळच्या फर्मीलॅबच्या गटाला जवळजवळ दिसलं नाही. दोन नामांकित प्रयोगशाळा, दोन वेगळी उत्तरं, आणि दोन्हीकडची माणसं प्रामाणिक. मग दोघांनीही नव्याने उपकरणं उभारली. फर्मीलॅबने केऑनांचे दोन झोत शेजारी-शेजारी सोडले, त्यातल्या एकात अल्पजीवी केऑन पुन्हा जन्माला घालणारा ठोकळा ठेवला आणि तो ठोकळा साधारण दर मिनिटाला या झोतातून त्या झोतात सरकवला. उपकरणाची डावी बाजू उजवीपेक्षा थोडी जास्त घटना टिपत असेल, तर ती आता दोन्ही प्रकारच्या केऑनांच्या वाट्याला सारखी येणार. पारडी बदलून जोख रे बाबा! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो.

फर्मीलॅबच्या गटाने आणखी एक काळजी घेतली. अंतिम उत्तरात संगणकाकरवी एक गुप्त आकडा मिसळून ठेवला, म्हणजे विश्लेषण चालू असताना खरं उत्तर कुणालाच दिसू नये. माणूस अपेक्षित उत्तर दिसलं की चुका शोधायचं थांबवतो, हे त्यांनी ओळखलं होतं. सगळ्या तपासण्या संपल्यावरच पडदा काढला. १९९९मध्ये फर्मीलॅब आणि सर्न दोन्हीकडून प्रत्यक्ष क्षयातल्या सीपीभंगाची पुष्टी आली. पडद्याआडून मोजण्याची ही शिस्त आता या क्षेत्रात सर्वत्र रुळली आहे.

या सगळ्याला सिद्धांताचा आधार जपानमधून आला. क्योटोच्या माकोतो कोबायाशी आणि तोशिहिदे मास्कावा यांनी १९७३ साली म्हटलं की क्वार्कांच्या तीन जोड्या, म्हणजे एकूण सहा क्वार्क असतील तरच त्यांच्या आपसातल्या मिश्रणात एक असा कोन उरतो की जो कुठल्याही नामांतराने पुसता येत नाही, आणि त्यातून सीपीभंग आपोआप येतो. त्या वेळी क्वार्क तीनच माहीत होते. चौथा १९७४ साली दिसला, पाचवा १९७७ साली आणि सहावा १९९५ साली. त्या कोनाची परीक्षा घ्यायची तर पाचव्या क्वार्कच्या कणांत, म्हणजे बी-मेसॉनांत, परिणाम मोठा दिसायला हवा होता. त्यासाठीच स्लॅकमध्ये बाबार आणि जपानच्या त्सुकुबात बेले ही उपकरणं उभारली गेली.

तिथली युक्ती साधी आणि देखणी आहे. बी-मेसॉन एका सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या दीडपट जगतो. इतका काळ घड्याळाने मोजता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन मुद्दाम असमान ऊर्जेचे आदळवले, स्लॅकमध्ये ९ आणि ३.१ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. जन्मलेली बी-जोडी मग एका बाजूला ढकलली जाते आणि दोघांच्या मोडण्याच्या जागांत सरासरी पाव मिलिमीटरचं अंतर पडतं. काळ मोजता येत नाही, पण पाव मिलिमीटर मोजता येतो. २००१च्या उन्हाळ्यात दोन्ही गटांनी एकाच राशीचे आकडे दिले: बाबारने ०.५९, बेलेने ०.९९. अनिश्चितता दोन्हीकडे सारखीच, ०.१४च्या आसपास. शून्य दोघांनीही निर्विवाद नाकारलं होतं, पण एकमेकांशी ते फारसे जुळत नव्हते. पुढच्या मोजण्यांत आकडा ०.७०च्या जवळ, दोघांच्या मधे, स्थिरावला. कोबायाशी-मास्कावांना २००८ साली नोबेल मिळालं.

इथे मुंबईचा धागा पुन्हा येतो. अशा यंत्रात एकूण किती टकरी झाल्या हे कळल्याशिवाय कुठलीच मोजणी पुरी होत नाही, आणि ते ठरवण्याचा एक मुख्य आधार म्हणजे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवरून विखुरण्याच्या घटना. त्या विखुरण्याचं गणित केंब्रिजमध्ये असताना होमी भाभांनी केलं, ते १९३६ साली प्रसिद्ध झालं, आणि आजही त्सुकुबाच्या नियंत्रण कक्षात त्या घटनांना ‘भाभा’ असंच म्हणतात. भाभांनीच उभारलेल्या टाटा संस्थेतला गट बेलेमध्ये होता, आणि २०१९पासून मोजणीला लागलेल्या बेले-दोनमधल्या सिलिकॉनच्या शोधकाचा चौथा थर त्या गटाने बांधला आहे. बी-मेसॉन कुठे मोडला ते पाव मिलिमीटरच्याही आत सांगण्याच्या कामात तो थर आहे.

सर्नच्या एलएचसीबी प्रयोगावरची प्रकरणं मी मुद्दाम शेवटी ठेवली आहेत. तिथे कणांना वळवणाऱ्या चुंबकाची दिशाच ठरावीक काळाने उलटी करतात, म्हणजे आधी डावीकडे जाणारे धनभारित कण आता उजवीकडे जातात; पारडी तिथेही बदलतात. २०१९ साली त्यांनी चार्म, म्हणजे चौथ्या, क्वार्कच्या कणांतला सीपीभंग दाखवला, तोही दोन वेगळ्या क्षयांतल्या असमानतांची वजाबाकी करून, म्हणजे दोघांत समान असलेली तागडीची खोड आपोआप कटावी. फरक होता दहा हजारांत सुमारे १५. मग मार्च २०२५. तोवर सीपीभंग दिसला होता तो फक्त मेसॉनांत, म्हणजे क्वार्क आणि प्रतिक्वार्क यांच्या जोड्यांत. आपण ज्या प्रोटॉन-न्यूट्रॉनचे बनलो आहोत ते तीन क्वार्कांचे बॅरिऑन, आणि त्या घराण्यात तो कधी दिसला नव्हता. एलएचसीबीने तळ-क्वार्क, म्हणजे पाचवा क्वार्क, असलेल्या लॅम्डा बॅरिऑनचे सुमारे ८०,००० क्षय तपासले. कण आणि प्रतिकण यांच्यात २.४५ टक्क्यांची तफावत निघाली, ५.२ सिग्मा खात्रीची. पाच सिग्मा म्हणजे केवळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक.

या सगळ्या मोजण्या जमेला धरल्या, कोबायाशी-मास्कावांच्या कोनाचा पुरता हिशेब केला, तरी विश्वाच्या शिलकीला लागणारी असमानता त्यातून निघत नाही. कित्येक अब्ज पटींनी कमी पडते. शब्दशः पासंगालाही पुरत नाही. म्हणजे आणखी कुठे तरी, आपण अजून न जोखलेल्या कुठल्या तरी क्षयात किंवा न्यूट्रिनोंच्या रूपांतरात, एक मोठा कल लपलेला असला पाहिजे. जपानमधल्या टीटूके प्रयोगाने २०२० साली न्यूट्रिनोंबद्दल एक संकेत दिला आहे. तो सिद्धतेपर्यंत पोचलेला नाही, म्हणून त्यावर मी एकच छोटं प्रकरण लिहिलं आहे. अर्धवट पुराव्याला मोठी जागा देणं या पुस्तकाच्या स्वभावात बसलं नसतं.

परिभाषेबद्दल थोडं. ‘मॅटर’ला द्रव्य आणि ‘अँटिमॅटर’ला प्रतिद्रव्य हे शब्द मराठीत स्थिर झाले आहेत, ते ठेवले. ‘डीके’साठी मी क्षय वापरला. विद्यार्थ्यांना त्यात रोगाचा वास येतो हे मला माहीत आहे, पण ‘ऱ्हास’मध्ये हळूहळू झिजण्याचा भाव आहे आणि मूलकण झिजत नाही, तो असतो तोवर पुरता असतो आणि मग एकदम नसतो. क्वार्क, मेसॉन, सिग्मा हे जसेच्या तसे ठेवले. संस्कृतातून घडवलेली नावं देऊन वाचकाला दुसऱ्यांदा परका करावासा वाटला नाही.

गणित पुस्तकाच्या शेवटच्या भागात एकत्र केलं आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी खुशाल वगळावं, मोजणीचा धागा तुटणार नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राइतकी तयारी पुरेशी आहे. एकच विनंती: हीलियमवरचं प्रकरण घाईने उलटू नका. त्यात १९६३चा उन्हाळा आहे, १७ मीटरवर ठेवलेली ती पिशवी आहे, आणि टंगस्टनचा ठोकळा एकेका जागेवर सरकवून पुन्हा पुन्हा मोजणी घेणारी चार माणसं आहेत. मागच्या बाकावरून आलेल्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं.